हक्काच्या कामाला ग्रँट मिळते का? मिळते, पण सगळ्या कामाला एकच नाही

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की तुम्ही १४ जणी इंदूरच्या मुसाखेडीच्या बाजूच्या तीन वस्त्यांमध्ये दोन वर्षांपासून काम करताय, संस्था रजिस्टर नाही, गरोदर बायका, टीबीचे पेशंट आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख नंबर) नाही म्हणून सगळीकडून परत पाठवली जाणारी घरं हे तुमचं मुख्य काम. एका कंपनीच्या सीएसआरवाल्याने, म्हणजे कंपनीचा सामाजिक कामाचा पैसा सांभाळणाऱ्याने, सांगितलं की अर्जातून ‘हक्क’ आणि ‘समता’ हे शब्द काढा, वर्षाला बारा हेल्थ कॅम्प लावा, मग पाच लाखांचं बघू. आणि तुम्ही विचारताय की शब्द काढू का, प्रपोजल कसं लिहू, आणि असल्या कामाला पैसा देणारं कोणी असतं तरी का.

शब्दाचं आधी सांगते, कारण तोच तुम्हाला टोचलाय असं दिसतंय. शब्द काढू नका, पण त्या माणसाकडे तो घेऊन जाऊही नका. माझ्या मते तुमची अडचण शब्दाची नाहीच, तुम्ही एकाच पैशाकडून तीन वेगवेगळी कामं करून घ्यायला निघालात ही आहे, आणि असा पैसा मी तरी अजून पाहिलेला नाही. मी १९ वर्षं या कामात आहे, त्यातली सहा वर्षं टेबलाच्या पलीकडे, म्हणजे भोपाळला एका अनुदान देणाऱ्या संस्थेत अर्ज वाचायचं काम करायचे, बाकी सगळी वर्षं इंदूर-देवास-धार पट्ट्यातल्या लहान गटांचे अर्ज लिहायला आणि हिशोब लावायला मदत करण्यात गेली. त्यामुळे नाही म्हणणाराही माहीत आहे आणि नाही ऐकणाराही.

तुमचं काम जरा वेगळं करून बघा. एक भाग आहे लोकांना सेवेपर्यंत नेण्याचा: कार्ड काढून देणं, गरोदर बाईला संजीवनी क्लिनिकला, म्हणजे वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यात, घेऊन जाणं, टीबीवाल्याच्या गोळ्या सुटू नयेत म्हणून दर आठवड्याला त्याच्या दारात उभं राहणं. दुसरा भाग मोजणीचा: कुणाला काय मिळायला हवं होतं, काय मिळालं, खिशातून किती गेले. आणि तिसरा भाग भांडणाचा, मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत (तिथे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात) उभं राहायचं, १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार टाकून ती परस्पर बंद होऊ द्यायची नाही, आरटीआय लावायचा, आणि वेळ आली तर पंचवीस बायका घेऊन महापालिकेच्या झोन ऑफिससमोर बसायचं. हे तिन्ही मिळून आरोग्याची समता होते हे मला मान्य आहे, पण पैसा देणारा मात्र तिघांकडे तीन नजरांनी बघतो. पहिल्याला कंपनी पैसे देते, दुसऱ्याला एखादं चांगलं फाउंडेशन देतं, आणि तिसऱ्याला आपण स्वतः द्यायचे. मोर्च्याचा चहा आपल्या पैशाचा, हा माझा नियम आहे आणि तो मी फार वाईट अनुभवातून शिकले, ते पुढे सांगते.

आधी तो सीएसआरवाला. त्याचा राग करू नका. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ आहे, ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि कशावर करायची त्याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिलीय. गंमत बघा, त्या यादीत आरोग्य, प्रतिबंधक आरोग्यसेवा, स्वच्छता, पिण्याचं पाणी हे तर आहेच, पण सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास गटांना सोसावी लागणारी विषमता कमी करणं हेही लिहिलेलं आहे. म्हणजे तुमचा ‘समता’ शब्द त्याच्या कायद्यातच बसलाय, त्याने वाचला नसेल एवढंच. पण हे त्याला ऐकवून उपयोग नाही. कंपनीला रोज प्रशासनाशी काम असतं, पाण्याचं कनेक्शन, जमिनीची परवानगी, प्रदूषणाचा दाखला, मग त्याच प्रशासनासमोर तक्रार घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांचा पगार आमच्या बजेटमधून जातोय हे त्याचा साहेब कधीच मान्य करणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असते तरी केलं नसतं. शिवाय कंपनीला बाहेरच्या संस्थेतर्फे काम करून घ्यायचं असेल तर त्या संस्थेकडे आयकराची बारा-ए आणि ऐंशी-जी ही दोन्ही रजिस्ट्रेशन (पहिल्याने संस्थेला करात सूट मिळते, दुसऱ्याने देणगीदाराला) लागतात, तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं आणि कंपनी मंत्रालयात सीएसआर-१ फॉर्म भरलेला लागतो, हा फॉर्म एप्रिल २०२१ पासून आला. तुमच्याकडे यातलं काहीच नाही, म्हणजे शब्द काढले असते तरी पाच लाख तुमच्या नावावर येणार नव्हतेच, मध्ये कुठलीतरी मोठी संस्था आली असती आणि तुम्ही तिच्या कॅम्पची गर्दी गोळा करणाऱ्या झाला असता.

आता वाईट अनुभव. बारा-तेरा वर्षं झाली असतील, मी ज्या गटाबरोबर होते त्याला एका कंपनीचा पैसा मिळाला, वर्षाला २४ कॅम्प. आम्ही खूश, सहा कार्यकर्त्यांना पहिल्यांदा नियमित मानधन. पहिले तीन महिने ठीक चाललं, मग काय झालं की कॅम्प म्हणजे शामियाना, खुर्च्या, डॉक्टरची तारीख, बॅनरवर लोगो बरोबर आलाय का, फोटोत साहेब मधोमध आहेत का, आणि १५० पेशंटची सही-अंगठ्याची यादी, दर पंधरा दिवसांनी हेच, मग मंगळवारची जनसुनवाई एकदा सुटली, दोनदा सुटली, नंतर कुणाच्या लक्षातही राहिली नाही. ज्या बाईच्या मुलाच्या ऑपरेशनचा अर्ज आम्ही चार महिने लावून धरला होता, तिने एकदा मला रस्त्यात गाठून विचारलं, “दीदी, आजकल आप लोग डॉक्टर के साथ ही आते हो?” काय उत्तर देणार. वर्षअखेरीस कंपनीत साहेब बदलले, नव्या साहेबांना आरोग्यापेक्षा झाडं लावणं आवडायचं, पैसा बंद. मानधनाची सवय झालेली, वर्गणीची सवय गेलेली, सहापैकी चार जणी सोडून गेल्या. गट काही बंद पडला नाही, पण उभा राहायला पुढे दोन वर्षं लागली. कॅम्प वाईट असतात असं मी म्हणत नाही, डोळे तपासायचा कॅम्प घ्या की जरूर. पण गटाचं पोट कॅम्पवर चालायला लागलं की गटाचे पायही कॅम्पकडेच वळतात.

म्हणून मग पैसा येण्याआधी मोजणी. तुम्ही लिहिलंय की “आमच्याकडे डेटा नाही, फक्त अनुभव आहे.” चुकीचं, तुमच्याकडे वही नाही एवढंच. मी सगळ्या गटांना एकच रजिस्टर करायला लावते, साधं दोनशे पानी, दुकानात मिळतं ते, आडव्या रेघा मारून सहा रकाने: तारीख, गल्ली आणि घर (नाव नाही, फक्त नंबर, नावांची यादी वेगळी आणि कुलपात), काय मिळायला हवं होतं, काय झालं, खिशातून किती गेले, आपण पुढे काय केलं. बास. एका गटाच्या रजिस्टरमधल्या ओळी मला अजून दिसतात, बायकांच्या वेड्यावाकड्या हिंदी अक्षरातल्या. “जननी को फोन किया, दो घंटे में नहीं आई, ऑटो ३५० रुपये.” (जननी म्हणजे बाळंतिणीला न्यायची सरकारी गाडी.) त्याच्या खाली दुसऱ्या घराची, “ऑटो ३००.” त्याच्या खाली, “ऑटो ४००, रात का टाइम.” २०११ च्या जूनपासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण पूर्ण मोफत आहे, औषध, तपासण्या, रक्त, जेवण, सिझर, जायची-यायची गाडी, सगळं. आणि तिथे बाळंत झालेल्या शहरातल्या बाईला जननी सुरक्षा योजनेचे १००० रुपये मिळतात. म्हणजे सरकार हजार रुपये देतंय आणि त्यातले तीन-चारशे ऑटोतच जातायत, तेही एकाच गल्लीत, पुन्हा पुन्हा. हे भाषणात सांगितलं तर अधिकारी म्हणतो “लिखकर दो,” आणि रजिस्टर समोर ठेवलं तर तो पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढतो. त्या गल्लीचं उत्तर शेवटी अगदी साधं निघालं, गल्लीच्या तोंडाला बोलेरो वळत नव्हती आणि ड्रायव्हर पत्ता सापडला नाही म्हणून कॉल बंद करत होता, तर मुख्य रस्त्यावरच्या किराणा दुकानाची खूण ठरवली आणि आशाताईंचा नंबर कॉलमध्ये दुसरा नंबर म्हणून द्यायला सुरुवात केली. मोर्चा लागलाच नाही.

आणि हेच रजिस्टर तुमचं प्रपोजल आहे. मी भोपाळला असताना आमच्या ऑफिसातून एक साहेब अशाच एका गटाला भेटायला गेले, मी बरोबर होते, गटाने रात्रभर बसून पॉवरपॉइंट केलेलं, आणि वीज गेली. साहेब चटईवर बसले आणि समोर पडलेलं रजिस्टर चाळत राहिले, पाऊण तास, मध्येच विचारायचे हे “पुढे काय केलं” मध्ये रिकामं का, आणि बायका खरं सांगायच्या की विसरलो, किंवा गेलो पण बाबू भेटला नाही. त्या गटाला तीन वर्षांचं अनुदान मिळालं. रिकामे रकाने पण होते तरी मिळालं, कदाचित होते म्हणूनच मिळालं असावं, सगळं भरलेलं रजिस्टर मीसुद्धा संशयाने बघते.

यादीची ताकद बघायची असेल तर आपल्याच बाजूचं उदाहरण आहे. अलिराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी मजूर गुजरातेत दगडाची पूड करणाऱ्या कारखान्यांत जायचे आणि सिलिकोसिसने, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने, मरायचे. गावोगाव फिरून नावं गोळा झाली, आणि २०१० मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्यायला सांगितलं, गुजरात सरकारने द्यावेत म्हणून २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. ही नावं कुणीतरी एकेक करून लिहिलेली होती, “अनेक मजूर दगावले” एवढंच लिहून कुणाला तीन लाख मिळत नाहीत.

आता रजिस्ट्रेशन. इथे मात्र खरंच तुमच्यावर आहे. मध्य प्रदेशात सोसायटी १९७३ च्या कायद्याखाली होते, किमान सात सदस्य लागतात, तुम्ही १४ आहात म्हणजे तो प्रश्न नाही. प्रश्न नंतरचा आहे. दरवर्षी धारा २७ खाली कार्यकारिणीची यादी आणि धारा २८ खाली ऑडिट झालेला हिशोब द्यावा लागतो, आयकराचं रिटर्न वेगळं, बारा-ए आणि ऐंशी-जी आधी तीन वर्षांसाठी तात्पुरतं मिळतं आणि नंतर परत अर्ज करून पक्कं करावं लागतं, देणगीदारांचा तपशील दरवर्षी ३१ मे पर्यंत ऑनलाइन भरावा लागतो. यातली एखादी तारीख चुकली तर दंड, आणि दोन-चार वर्षं चुकल्या तर मग सीए आणि वकिलाच्या चकरा. तुमच्यात एक तरी जण अशी आहे का जी हे दरवर्षी न कंटाळता करेल? शिकलेली असावी असं नाही, चिवट असावी. माझ्या ओळखीची सगळ्यात चांगली खजिनदार सातवी पास आहे आणि तिला दोन रुपयांचा फरक रात्रभर झोपू देत नाही. अशी बाई तुमच्यात असेल तर संस्था रजिस्टर करा, अजूनपर्यंत दिसली नसेल तर एक वर्ष थांबा आणि तोवर यजमान संस्था शोधा.

यजमान म्हणजे एखादी आधीच रजिस्टर असलेली, विश्वासातली संस्था जी तुमच्या नावाने आलेला पैसा तिच्या खात्यात घेते आणि तुमच्या कामावर खर्च करते. चालतं हे, पण तोंडी ठेवू नका, कितीही जुनी ओळख असली तरी. एक पानाचं पत्र करा: पैसा कशासाठी, संस्था किती टक्के ठेवणार (मी ५ ते १० च्या वर जाऊ देत नाही), वेगळं खातेवहीचं पान, दर महिन्याला तुम्हाला हिशोबाची झेरॉक्स, मानधन थेट बायकांच्या खात्यात, आणि भांडण झालं तर उरलेल्या पैशाचं काय. शेवटचा मुद्दा लिहायला सगळ्यांना लाज वाटते. एकदा मीही लाजले होते, मग यजमान संस्थेत आपसात फाटलं आणि आमच्या कार्यकर्त्यांचे तीन महिन्यांचे पैसे अडकले, कुणाची नियत खराब नव्हती, पण सही करणारे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

एक महत्त्वाचं, यजमानाकडे विदेशी पैसा असेल तर तो तुम्हाला पुढे देता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्यामध्ये, एका संस्थेने विदेशी अनुदान दुसऱ्या संस्थेला द्यायला पूर्ण बंदी आहे, दोघांकडे एफसीआरएचं रजिस्ट्रेशन असलं तरी. आणि तुम्हाला स्वतःला ते रजिस्ट्रेशन काढायचं असेल तर तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला लागतो. त्यामुळे सध्या तो विषय डोक्यातून काढून टाका. कुणी घाबरवत असेल की धरणं दिलं म्हणून संस्था राजकीय ठरते, तर नियम तसा आहे खरा, बंद, हरताळ, रास्ता रोको नेहमी करणाऱ्या संघटनेला राजकीय ठरवता येतं, पण ६ मार्च २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या आणि कायदेशीर मार्गाने लोकांचे प्रश्न मांडणाऱ्या संघटनांना या कारणाने विदेशी पैसा नाकारता येणार नाही. तुमच्याकडे विदेशी पैसाच नाही, तेव्हा ही भीती तुमची नव्हेच.

मग मागायचं कुणाकडे? देशी फाउंडेशन. अझीम प्रेमजी फाउंडेशनसारखी मोठी नावं आहेत जी लहान संस्थांना माणसांच्या मानधनासाठी आणि एकापेक्षा जास्त वर्षांसाठी पैसे देतात, त्यांची अर्जाची पद्धत आणि विषय बदलत असतात म्हणून वेबसाइट स्वतः वाचा, कुणा एजंटला पैसे देऊन अर्ज लिहवून घेऊ नका. आपल्या शहरातली जुनी ट्रस्टं विसरू नका, व्यापारी कुटुंबांची, मराठी समाजाचीही आहेत, ती प्रपोजल वाचत नाहीत, घरी बोलावतात आणि बोलतात. तिथे खजिनदार बाईला घेऊन जा, स्वतः जास्त बोलू नका.

आणि वस्तीत आधीच असलेला पैसा बघा ना. शहरी आरोग्य मिशन २०१३ मध्ये आलं, त्यात वस्तीत ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती आणि तिला वर्षाला ५००० रुपये खुला निधी आहे. तुमच्या तीन वस्त्यांत अशा समित्या कागदावर नक्की असतील, आशाताईंना विचारा की सदस्य कोण, पासबुक कुठे. पाच हजार म्हणजे काहीच नाही हे मलाही कळतं, पण समितीत तुमच्या चार जणी असल्या की तुम्ही बाहेरच्या तक्रारदार राहत नाही. तसंच दवाखान्याची रुग्ण कल्याण समिती. ही कल्पना मुळात इंदूरची आहे बरं का, १९९४ ला सुरतेत प्लेग आला तेव्हा आपल्या एमवाय या मोठ्या सरकारी दवाखान्यामध्ये उंदीर काढायची ती मोठी मोहीम झाली आणि त्यातूनच पुढे रोगी कल्याण समिती उभी राहिली, नंतर देशभर गेली. माझ्या आईला अजून आठवतं की पूर्ण दवाखाना रिकामा केला होता. तर त्या समितीच्या बैठकीत विषय घ्यायला लावणं हे सुद्धा तुमचंच काम आहे आणि त्याला एक पैसा ग्रँट लागत नाही.

बजेटवर येते, कारण सगळ्यात जास्त अर्ज इथेच पडतात. बायका स्वतःचं काम शून्य रुपये लिहितात. “हम तो सेवा करते हैं.” करा सेवा, पण मग तिसऱ्या महिन्यात घरून कुरकुर सुरू होते आणि सगळ्यात चांगली कार्यकर्ती पापडाच्या कारखान्यात जाते. तुमच्यासाठी मी अंदाज लावला: दोन अर्धवेळ कार्यकर्त्या, प्रत्येकी ६००० महिना, वर्षाचे १,४४,०००. एक समन्वयक १०,००० महिना, १,२०,०००. ऑटो-बसचे २४,०००, वह्या-झेरॉक्स-फोन १२,०००, महिन्याच्या बैठकीचे १८,०००, प्रशिक्षण २०,०००, हिशोब आणि ऑडिट २५,०००. झाले ३,६३,०००, त्यावर यजमानाचे ८ टक्के धरले तर ३ लाख ९२ हजार. पाच लाख मागू नका, चारच्या आत मागा आणि प्रत्येक आकड्याचं उत्तर तोंडपाठ ठेवा. कुणी म्हणेल की पगारावर इतका खर्च कसा, ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या व्यवस्थापन खर्चाला आहे, वस्तीत चालणाऱ्या कार्यकर्तीच्या मानधनाला नाही. पाठपुराव्याच्या कामात माणूस हाच खर्च असतो, सिमेंट थोडंच घ्यायचंय.

लिहिताना पहिल्या परिच्छेदात वस्ती, घरं, आणि रजिस्टरमधली एक ओळ. “जागरूकता वाढेल” हे वाक्य कुठेही आलं तर खोडा, मी अर्ज वाचायचे तेव्हा ते दिसलं की पान उलटायचे. त्याऐवजी काय बदललं हे कसं कळणार ते लिहा, म्हणजे वर्षभरात समग्र आयडी नसलेल्या घरांपैकी किती घरांचा निघाला, टीबीच्या किती पेशंटना निक्षय पोषण योजनेचे, खाण्यापिण्यासाठी मिळणारे महिन्याचे १००० रुपये खरोखर खात्यात आले (हे आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले, आणि बंद पडलेल्या खात्यांमुळे अडकतात, तुम्हाला माहीतच असेल). इंग्रजी येत नसेल तर हिंदीत लिहा. ‘हक्क’ शब्द इथे लिहा, लाजू नका, या फाउंडेशनवाल्यांना तो कळतो.

राहिलं भांडण आणि त्याचा पैसा. आपण इंदुरी मराठी माणसं गणपतीची वर्गणी काढताना कुणाच्या बापाला भीत नाही, पावतीपुस्तक घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत चढतो, आणि गटाच्या कामाला दहा रुपये मागताना मात्र जीभ अडखळते. काढा. घरटी महिन्याला दहा रुपये, पावती देऊन. आरटीआयचे दहा रुपये, पहिल्या अपिलाचे पन्नास, दुसऱ्याचे शंभर, जनसुनवाईला जायचं भाडं, बसलो तर पाणी आणि चहा, हे सगळं त्यातूनच, ग्रँटच्या हिशोबात यातला एक रुपया दाखवायचा नाही. कुणी उद्या विचारलं की मोर्च्याला पैसा कुठून आला तर पावतीपुस्तक पुढे करता येतं, आणि ग्रँट गेली तरी मंगळवार सुटत नाही. माझे वडील इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागून पैसे हातात यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, ३२ वर्षं, तोवर वडील राहिले नव्हते, पैसे आईच्या नावे आले. कुठला फंडर ३२ वर्षांचं प्रोजेक्ट देतो? ते लोक जमत राहिले ते स्वतःच्या खिशातून.

तर आता या आठवड्यात दुकानातून रजिस्टर आणा, रकाने आखा, तिन्ही वस्त्यांत एकेक ठेवा आणि खजिनदार कोण ते ठरवा. अर्ज तीन महिन्यांनी, रजिस्टरात मजकूर आल्यावर. आणि त्या सीएसआरवाल्याला तोडू नका, नंबर ठेवा. कंपन्यांचं वर्ष मार्चला संपतं आणि न संपलेल्या पैशाची घाई फेब्रुवारीत सुरू होते, तेव्हा त्याला फोन करा आणि संस्थेसाठी काही न मागता वस्तीतल्या दवाखान्यासाठी दोन बीपीची मशीनं, हिमोग्लोबिन तपासायचं एक मीटर आणि बाळाचा वजनकाटा मागा. खरेदी कंपनीच करेल, वस्तू दवाखान्याच्या नावे जातील, वर लोगोही लावू दे मोठा. वजनकाटा मात्र डिजिटल घ्यायला सांगा, स्प्रिंगचे सहा महिन्यांत खोटं बोलायला लागतात.